सव्वापाच रत्तीच्या लाल खड्याबाबत

लिहून ठेवणार मी, हिराबाई गुरुसिद्ध कित्तुरे, वय साठ, धंदा रंगीत खडे पारखणं आणि दागिन्यांसाठी निवडून देणं, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर. हे मृत्युपत्र मी माझ्या हातानं, माझ्या खिडकीत बसून, सकाळी दहा ते साडेअकराच्या उजेडात लिहिते आहे. याच उजेडात मी आयुष्यभर खडे पाहिले, त्यामुळे इथं बसून खोटं लिहायला हात धजत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणणारे एकच गृहस्थ होते, त्यांना गेल्या वर्षी लोकअदालतीत शांत बसवण्यात आलं.

माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं असं वकील अतुल यांनी सांगितलं. माझ्या बाबतीत मात्र डॉ. संघर्ष कांबळे यांचा दाखलाही जोडावा लागला, कारण माझे धाकटे दीर शिवकुमार भाऊजी अकरा वर्षं कोर्टात सांगत होते की वैनींचं डोकं पुस्तकं वाचून फिरलं आहे. डॉक्टरांनी मला वार, तारीख आणि सध्याच्या महापौरांचं नाव विचारलं. पहिली दोन मी सांगितली. तिसरं त्यांनाही आठवेना, तेव्हा आम्ही दोघंही शुद्धीवर आहोत असं ठरलं. माझ्या हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टर तोंडानं वर्षाचं बोलतात आणि चेहऱ्यानं सहा महिन्यांचं. गुजरीत, सराफांच्या पेढ्यांवर, चाळीस वर्षं दलालांचे चेहरे वाचले आहेत, त्यामुळे मी चेहऱ्याचंच धरून चालले आहे.

हे मृत्युपत्र मुख्यतः एका खड्यासाठी आहे. माझ्या उजव्या हातातल्या अंगठीत सव्वापाच रत्तीचा लाल खडा आहे. गुजरीत सगळे त्याला ‘गुरुसिद्धांचं माणिक’ म्हणतात. ते माणिक नाही. भट्टीत वितळवून केलेला कारखान्यातला खडा आहे. लोकअदालतीतल्या तडजोडीप्रमाणे माझ्यामागे ही अंगठी शिवकुमार भाऊजींकडे जाणार आहे. दुसऱ्या दिवशी ते ती तपासायला नेतील, आणि तिसऱ्या दिवशी गुजरीच्या कोपऱ्यावर उभे राहून सांगतील की आमच्या अण्णाला भट्टीतलं आणि खाणीतलं कळत नव्हतं. माझे मालक गुरुसिद्ध जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांच्या नजरेवर विसंबून निम्म्या कोल्हापूरच्या बायकांनी साज करून घेतले. त्यांचं नाव असं कोपऱ्यावर पडू नये, म्हणून त्या खड्याची हकीकत साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून ठेवते. बाकीची कलमं वकिलांच्या आग्रहाखातर.

कलम एक. घर. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझी पुतणी रक्षिता शिवकुमार कित्तुरे हिला द्याव्यात. होय, त्याच शिवकुमार भाऊजींची मुलगी. वकिलांनीही असाच चेहरा केला होता.

अट एकच. उत्तरेच्या खिडकीला पडदा लावायचा नाही. उत्तरेचा उजेड थंड असतो, तो खड्याची बाजू घेत नाही. उन्हात कुठलाही खडा चमकतो. आणि पेढ्यांमध्ये काचेच्या कपाटांवर जे पिवळे दिवे लावतात ते दिवे नव्हेत, पगार न घेणारे दलाल आहेत. त्यांच्याखाली कोकमाच्या सरबताचंसुद्धा माणिक होतं. समोरच्या चिमणाबाईंनी घरावर मजला चढवायचं काढलं होतं, तसं झालं असतं तर माझा उजेड गेला असता. मी त्यांच्या मुलीच्या साजासाठी पाचू निवडून दिले आणि मजला राहिला. पाचूचा एवढा उपयोग अजून कुठल्या ग्रहानं करून दाखवलेला नाही.

कलम दोन. बँकेत जे काही असेल त्यातून केरबा पोतदार यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं. केरबांनी चाळीस वर्षं आमचे खडे कोंदणात बसवले. आता त्यांना पाचू आणि पावटा यांतला फरक बोटानं चाचपून कळतो. उरलेलं मठाला. स्वामीजींनी त्यातून पंखे घ्यावेत, संगमरवरी फरशी पुरे झाली.

कलम तीन. पुस्तकं, भिंग आणि चिमटा रक्षिताला.

मी मुरगूडला चौथीपर्यंत शिकले. पुढं वडील म्हणाले, पोरीला सही करता आली की बास. लग्नानंतर मालकांच्या कपाटात खड्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं, चित्रांचं. ते गावाला गेले की मी ते उघडायची. एबीसीडी शेजारच्या शाळकरी पोरीकडून शिकले आणि शब्दकोश घेऊन बसले. खड्याच्या आत जे कण, धागे, डाग असतात त्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ शब्दकोशात ‘समावेश’ असा होता. खड्यात कुणाचा समावेश, हे समजायला मला दोन महिने लागले. पण समजलं ते पक्कं समजलं. ते पुस्तक संपायला सहा वर्षं लागली. नंतर वाचनालयात नाव घातलं आणि जे हाताला लागलं ते वाचलं. भाऊजींचं म्हणणं की माझं डोकं इथूनच फिरायला लागलं. तारीख बरोबर आहे, दिशा चुकली.

कलम चार. माझा संग्रह. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तेहतीस पुड्या आहेत. प्रत्येकीत एकच खडा. माणकं, पाचू, नीलम, पुष्कराज, आणि दोन असे की ज्यांना कुणी विचारत नाही म्हणूनच मी घेतले. हे तेहतीस मी चाळीस वर्षांत एक एक करून निवडले. रक्षितानं ते विकू नयेत आणि तोडू नयेत. त्यांचा एक दागिन्यांचा संच व्हावा, निवांत, जेव्हा मनासारखा कारागीर भेटेल तेव्हा. खडे जुळवताना सगळे एकसारखे जुळवायचे नाहीत. एका कुळातले वाटले पाहिजेत, जुळे नव्हे.

हे मी एका मोठ्या पेढीच्या धाकट्या मालकांनाही सांगून पाहिलं होतं. २००५ साली त्यांना साजांचा नवा संग्रह काढायचा होता. जाहिरात आधी छापून झाली होती, साज व्हायचे होते. मधल्या पदकासाठी साठ माणकं हवी होती. मी तीन व्यापाऱ्यांच्या पुड्या पाहून बेचाळीस काढली आणि सांगितलं की उरलेल्या अठरांसाठी थांबा. ते म्हणाले, “मावशी, थांबायचं कशाला? हे बघा की, एकदम मॅचिंग.” आणि त्यांनी पुढ्यात एक पुडी ओतली. साठच्या साठ, सारखी, लालबुंद, कुठे डाग नाही. त्या वर्षी काच भरलेली माणकं बाजारात नुकती आली होती. तडे गेलेला टाकाऊ खडा घ्यायचा, तड्यांत काच वितळवून भरायची, की तो तुमच्या मुलाखतीला तयार.

मी त्यातले दोन उचलले आणि वाटीभर लिंबाच्या रसात टाकले. दुसऱ्या दिवशी काढले तर आतली काच रसानं खाल्लेली, खड्यावर पांढऱ्या भेगांचं जाळं.

धाकटे मालक म्हणाले, “पण मावशी, गिऱ्हाईक साजावर लिंबू कशाला पिळंल?”

मी म्हटलं, “साज काय पोह्याबरोबर खात न्हाईत, मला ठावं हाय. पण सणाआधी बाई चिंच लिंबू लावून दागिने घासती, हे तुमच्या आईला विचारा.”

“आईचे दागिने बँकेत असत्यात.”

“मग तुमच्या गिऱ्हाइकांनीबी बँकेतच ठेवायचे व्हय? तसं जाहिरातीत घाला.”

त्यांनी ते जाहिरातीत घातलं नाही, आणि माझं नावही काढून टाकलं. दुसरी गोष्ट माझ्या सोयीची झाली.

रक्षितानं तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खडा आधी पालथा घालून बघायचा. तोंड सगळेच धुऊन येतात. आत काहीच दिसलं नाही तर आनंद करायचा नाही, संशय घ्यायचा. खाणीतून आलेल्या माणकात काहीतरी असतंच, रेशमाच्या तुसासारख्या सुया, एखादा कण, एखादी सरळ रेघ. मातीत राहून आलेली वस्तू ती. भट्टीतल्या खड्यात मात्र रेघा गोलाई धरलेल्या असतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. तिसरी गोष्ट माझ्या मालकांचा नियम. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या आनंदानं एखादा खडा निवडला, की मग त्याला नाव ठेवायचं नाही. त्यानं स्वतः विचारलं तरच बोलायचं, आणि विचारलं तर सगळं खरं बोलायचं. हा नियम त्यांनी आयुष्यात कधी मोडला नाही. मोडला असता तर हे मृत्युपत्र अर्ध्या पानात संपलं असतं.

रक्षिता माझ्याकडे पहिल्यांदा आली ती १९९९ साली, सोळा वर्षांची. तिच्या वडिलांनी तिला पाठवलं होतं, अंगठी मी कुठल्या कपाटात ठेवते ते बघायला. अंगठी माझ्या बोटात होती, त्यामुळे हेरगिरी दारातच आटोपली. मग तिला करायला काही उरलं नाही. मी खडे निवडत होते. म्हटलं, बस. पाच लाल खडे पांढऱ्या कागदावर मांडले आणि विचारलं, यातला कुठला घेशील?

तिनं भिंग मागितलं नाही. कागद हळूच फिरवला, खाली वाकली, परत फिरवला, आणि मोठ्या काकूला आमच्यात कानडीत हाक मारतात तशी हाक मारून म्हणाली, “दोड्डव्वा, ह्या चौघांत कायतरी हाय. हा एकटाच एवढा कोरा कसा?”

मी तिला चहा दिला. तेव्हापासून ती माझी झाली. घरी जाऊन तिनं वडिलांना काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आज पेढ्यांना खडे तीच निवडून देते, माझं नाव फक्त दाराच्या पाटीवर आहे. पाटी तिनं बदलून घ्यावी.

कलम पाच. शिवकुमार भाऊजींबद्दल. त्यांना माझ्याकडून एक सल्ला मिळावा. दोघा भावांनी एकत्र धंदा सुरू केला होता, पण भाऊजींना निवडायचा कंटाळा, म्हणून ते राशीच्या खड्यांकडे वळले. तिथं खडा निवडायचा नसतो, गिऱ्हाइकाची भीती निवडायची असते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांना त्यांनी साडेसातीसाठी नीलम दिला होता. ते गृहस्थ माझ्याकडे आले. मी पाहिलं आणि म्हटलं, “पावणं, हा नीलम न्हवं. पण घाबरू नका, साडेसातीलाबी हे कळणार न्हाय.” ते हसले, आणि मग भाऊजींकडे जाऊन हसले नाहीत. तेव्हापासून आमच्या नात्यात जो ओलावा राहिला होता तोही आटला. मी बोलले ते खरं होतं. पण मला कुणी विचारलं होतं म्हणून बोलले, हे भाऊजींनी लक्षात घ्यावं. माझा सल्ला असा की त्यांनी भिंग विकत घ्यावं.

कलम सहा. लाल खडा. इथून पुढं साक्षीदारांनी नीट वाचावं.

१९६७ सालच्या मे महिन्यात, लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा मालक जयपूरहून माल घेऊन आले. सकाळची वेळ होती. याच खिडकीत त्यांनी पांढरा कागद पसरला आणि त्यावर दोन लाल खडे ठेवले. एक मोठा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लखलखीत. दुसरा त्याच्या निम्मा, कडेला एक काळपट कण, आत धुक्यासारखं काहीतरी.

“हिरा, हिकडं ये. तुला अंगठी करायची हाय. ह्यातला कुठला घेशील?”

मी एकोणीस वर्षांची. मोठ्यावर बोट ठेवलं.

“नीट बघितलंस न्हवं?”

“व्हय की. ह्यात कायबी घाण न्हाय.”

माझ्या सासूबाई आक्काताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “पोरीला नजर हाय बघ! घराला माणिक गावलं.”

मालकांनी लहान खड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी फार खूष होते. मग हसले आणि म्हणाले, “बरं.”

केरबांनी अंगठी केली, मागून बंद कोंदण, खाली लाल चकाकीचा पत्रा. सासूबाईंनी ती अख्ख्या पेठेला दाखवली. चार वर्षांत ते सासऱ्यांच्या पैशानं आलेलं माणिक झालं, दहा वर्षांत पणजोबांचं. पुढं भाऊजींनी दावा लावला त्यात ‘वडिलोपार्जित माणिक, वजन सव्वापाच रत्ती’ असा शब्द होता. जो खडा माझ्यासमोर कागदावर पडला त्याला पूर्वज फुटले.

१९७८ साली कोंदण सैल होऊन खडा निघाला. मालक गावाला गेले होते. माझं पुस्तक तोवर संपलं होतं. केरबांकडे देण्याआधी मी सहज भिंगाखाली धरला. आत गोल रेघा. एक बुडबुडा, मोहरीहून बारीक, अगदी गोल. मी खडा पुसून परत पाहिला. रेघा काही पुसल्या गेल्या नाहीत.

मला वाटलं, मालक फसले. जयपूरच्या कुणा व्यापाऱ्यानं खऱ्या मालात खोटा मिसळून दिला, आणि त्यांना कळलं नाही. खडे हेच त्यांचं सगळं होतं. बायकोच्या बोटात आपण खोटं घातलं हे त्यांना कळलं असतं तर ते परत खड्याला हात लावू शकले नसते, असं मी ठरवलं. मी खडा केरबांना देऊन परत बसवून घेतला आणि गप्प राहिले. सोळा वर्षं गप्प राहिले. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

त्यांना एक सवय होती. वर्षातून दोन-चारदा, जेवताना किंवा खडे निवडताना, माझा हात धरायचे, अंगठीकडे बघायचे आणि विचारायचे, “काय म्हणतंय माणिक?”

मी म्हणायची, “बरं हाय.”

१९८१ च्या दिवाळीत एक दलाल शंभर-दीडशे माणकांची पुडी घेऊन आला. मी मालकांच्या शेजारी बसले होते. चिमट्यानं पाच-सहा उलटे केले आणि म्हटलं, “हे सगळे भट्टीतले हायत.” दलाल उठून गेला. मालक माझ्याकडे नाही, माझ्या अंगठीकडे बघत बसले. मला वाटलं, कौतुकानं. त्याच रात्री जेवताना त्यांनी विचारलं, काय म्हणतंय माणिक? मी म्हटलं, बरं हाय.

१९९४ साली दवाखान्यात, नाकात नळी होती, तरी हात धरून तेच विचारलं. मीही तेच सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” त्यानंतर दोन दिवसांनी गेले.

माती झाल्यावर पाचव्या दिवशी भाऊजी आले आणि मालकांचा जुना काटा पेटीसह मागितला. “अण्णाची आठवण म्हणून असू दे वैनी.” मी दिला. त्या दिवशी त्यांनी भिंत मागितली असती तरी मी दिली असती. मग १९९६ साली त्यांनी अंगठीसाठी दावा लावला. कोर्टानं खडा तपासणीसाठी हजर करायला सांगितलं की मला ताप यायचा. माझ्याइतक्या तारखा त्या कोर्टात खुनाच्या आरोपीनंही घेतल्या नसतील. लोकांना वाटलं, म्हातारी माणकाला चिकटली आहे. मी मालकांच्या नावाला चिकटले होते. शेवटी २००७ साली दमले आणि तडजोडीवर सही केली. अंगठी हयातभर माझी, नंतर भाऊजींची. त्यांनी नेलेल्या जुन्या वस्तू परत करायच्या. यादीत शेवटी होतं, ‘जुना काटा पेटीसह, नग एक.’

तर ही अंगठी शिवकुमार भाऊजींना द्यावी. खडा दिसायला फार सुंदर आहे. आत कुठेही डाग नाही. त्यांनी अकरा वर्षं मागितला, त्यांच्या हाती सुखरूप पोचावा.

कलम सात. काटा केरबा घेऊन आले. भाऊजींच्या दुकानात तो तेरा वर्षं गल्ल्याशेजारी शोभेला ठेवलेला होता, रोज झेंडूचा हार घालून. पेटीतली मखमल कसरीनं खाल्ली होती. नवी लावावी म्हणून मी जुनी उचकटली. खाली एक कागदाची पुडी होती. पुडीत निम्म्या आकाराचा लाल खडा, कडेला काळपट कण, आत धुकं. भिंगाखाली ते धुकं म्हणजे रेशीम होतं, तीन दिशांना विणलेलं. पावणेतीन रत्ती. मी चाळीस वर्षांत तेहतीस खडे निवडले, त्यातला एकही याच्या पासंगालाही पुरत नाही.

कागदावर मालकांचं अक्षर आहे. केरबांनी ते ओळखलं आहे, तेव्हा त्यांना दिसत होतं. मजकूर जसाच्या तसा उतरवते:

‘माणिक. मे ६७. मोठा खडा भट्टीतला, नमुना म्हणून बाजूला काढला होता, हिरानं निवडला. हे हिराचं. नजर आली की मागेल.’

त्याच्या खाली, दुसऱ्या शाईनं:

‘दिवाळी ८१. नजर आली. अजून मागत नाही.’

तेव्हा गुजरीतल्या सर्वांनी लक्षात घ्यावं की गुरुसिद्ध कित्तुरे फसले नव्हते. खोटा खडा त्यांनी पहिल्या दिवशी ओळखला होता. चुकीचा खडा मी निवडला, आणि नाव ठेवायचं नाही हा नियम त्यांनी घरातही पाळला. मी विचारायची ते वाट बघत राहिले. त्यांना दुखवायचं नाही म्हणून मी विचारलं नाही. दोन शहाणी माणसं एका खिडकीत बसून जगाला खरं-खोटं सांगत होती आणि एकमेकांना सांगत होती, बरं हाय.

भाऊजींसाठी जादा माहिती. तुम्ही ज्या अस्सल माणकासाठी कोर्टात जात होता ते सगळा वेळ तुमच्या गल्ल्याशेजारी, झेंडूखाली होतं. पेटी उघडायला किल्लीही लागत नाही.

हे माणिक रक्षिताला द्यावं. मला एकोणिसाव्या वर्षी जे दिसलं नाही ते तिला सोळाव्या वर्षी दिसलं. म्हणजे ते तुमच्याच घरात परत येतं आहे भाऊजी, तेव्हा दावा लावण्याआधी मुलीशी बोला. तिनं ते तेहतीस खड्यांच्या मधोमध बसवावं. कोंदण मागून उघडं ठेवावं. आणि तिच्याकडे कुणी काही मागितलं नाही तर तिनं वाट बघत बसू नये, आपण होऊन सांगावं. मालकांच्या नियमात एवढी दुरुस्ती मी करते. हा नियम आता माझ्या हाती आहे, असं मी समजते.

कलम आठ. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे रुद्रभूमीत, मालकांशेजारी पुरावं. डाव्या तळहातावर इष्टलिंग असेल. उजव्या हातातली अंगठी काढून भाऊजींना द्यावी आणि त्याच मुठीत त्या पुडीचा कागद ठेवावा, नुसता कागद. खडा काढून घेतला आहे का ते रक्षितानं आधी बघावं, भाऊजीही बघतीलच.

कागदाची नक्कल वकिलांकडे आहे, कोर्टाला लागली तर. अस्सल मला लागणार आहे. मालकांनी परत विचारलं तर या वेळी दाखवायला काहीतरी हवं.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. वकिलांनी चार वाक्यं काढायला सांगितली होती, ती चारही ठेवली आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर वेळ मिळेल असं वाटत नाही.

हिराबाई गुरुसिद्ध कित्तुरे (सही)

साक्षीदार:

१. केरबा पोतदार, कोंदणकाम, राहणार गुजरी. (सही. मजकूर डॉक्टरांनी मला वाचून दाखवला. कागदावरचं अक्षर गुरुसिद्धअण्णांचंच आहे. १९७८ साली खडा परत बसवताना मलाही तो भट्टीतला दिसला होता. मला कुणी विचारलं नाही.)

२. डॉ. संघर्ष कांबळे, राहणार कसबा बावडा. (सही. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.)

ठिकाण: शुक्रवार पेठ, कोल्हापूर.
तारीख: १४ फेब्रुवारी २००८, सकाळी सव्वाअकरा, उजेड चांगला.